मिशीवाल्याचं कुणी बोलायचं नाही

सोफेवाल्याच्या तोंडात दिवसभर खिळे असतात. बारीक, चपट्या डोक्याचे. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्या हातात हातोडी धरायची, मग खिळ्यांसाठी तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून ते ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. हा धंदा त्याने वडिलांकडून घेतला आणि गप्प राहण्याची सवयही त्याच्याबरोबर आली. लोक त्याला धीरगंभीर समजतात. खरं म्हणजे त्याला बोलायला तोंड रिकामं सापडत नाही, एवढंच.

त्याचं दुकान चष्म्याच्या दुकानाला लागून आहे. पुढे मोठी काच, आत फोमचे ठोकळे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि कुणाकुणाच्या घरचे उसवून ठेवलेले सोफे. संध्याकाळी इथे मंडळ भरतं. मंडळाला बसायच्या जागेची कधी ददात पडली नाही. फक्त कुठल्या सोफ्यात स्प्रिंगा आहेत आणि कुठल्यातल्या काढल्यात, एवढं विचारून बसावं लागतं. शेजारचे चष्मेवाले एकदा न विचारता बसले आणि त्यांना दोघांनी मिळून वर काढावं लागलं.

मंडळ कसलं, तर एका नटाच्या चाहत्यांचं. त्या नटाला सगळे मिशीवाला म्हणतात. तरुणपणी तो घरगुती सिनेमांत थोरला भाऊ व्हायचा, पुढे बाप झाला, आता आजोबा होतो, पण मिशी तीच. जाड, टोकांना जरा खाली उतरलेली. रागावला की मिशी आधी हलायची आणि मग आवाज यायचा. मंडळात चष्मेवाले, शिकवणीच्या बाई, बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर आणि सोफेवाला. पाचवी आणि खरी धनीण म्हणजे सोफेवाल्याची थोरली बहीण. तिला सगळेच ताई म्हणतात, ड्रायव्हरसुद्धा, आणि तो तिच्याहून वर्षाने मोठा आहे.

ताईने सगळी नोकरी चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीवर केली. खेळ सुरू झाला, उशिरा येणारेही येऊन गेले, हिशेब लागला, की ती खिडकी बंद करून आत जायची आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. तोवर अर्धा सिनेमा होऊन गेलेला असायचा. त्यामुळे तिने शेवट शेकड्यांनी पाहिले आणि सुरुवाती अगदी मोजक्या. पण तिने कधी कुणाला शेवट सांगितला नाही. खिडकीवरची बाईच शेवट सांगायला लागली तर लोक तिकीट कशाला काढतील, असं तिचं म्हणणं. मंडळाचा एकुलता एक कायदा त्यातूनच आला: शेवटच्या माणसाने पाहिल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. ड्रायव्हरच्या पोटात काही राहत नाही, तरी हा कायदा त्याने आजवर पाळला. ताईची जरबच तशी होती.

गेल्या हिवाळ्यात ताई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पाय पूर्वीसारखा उचलेना. सोफेवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लग्न तिने केलं नव्हतं. म्हणून तिला शहराच्या पलीकडच्या टोकाला, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात अशा एका ठिकाणी ठेवलं. खोली चांगली होती, खिडकीत ऊन यायचं. ठेवून निघताना सोफेवाला म्हणाला होता, "रोज येतो गं ताई." आणि त्या वेळी ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

पहिले काही दिवस तो रोज गेला. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मग रविवारी एका गिऱ्हाइकाचा सोफा अडला आणि त्याने फोन केला. त्यात कुणाचं भांडण नव्हतं, कुणी वाईट नव्हतं. दोन बस बदलाव्या लागायच्या आणि काम संपत नव्हतं. ताईने कधी तक्रार केली नाही. फोनवर ती हवापाणी विचारायची आणि आपणच ठेवून द्यायची. सोफेवाल्याला ते टोचत होतं. तीच त्याची खरी बोच होती आणि ती कुणाला सांगावी असं त्याला कधी वाटलं नाही.

अशात बातमी आली. मिशीवाला एका सुपरहिरोंच्या मालिकेत पाहुणा म्हणून येणार. एकच भाग.

मंडळात त्या संध्याकाळी कुणाचं चहाकडे लक्ष नव्हतं. मालिका तरुण पोरांची. एक मुलगी हवेत उडते, भिंती फोडते आणि अधूनमधून रडते. शिकवणीच्या बाईंनी विद्यार्थ्यांकडून सगळी माहिती काढली होती.

"जाहिरातीत नुसती पाठ दाखवलीय," त्या म्हणाल्या. "डोक्यावर लोखंडी टोप. तोंड दाखवतच नाहीत."

"म्हणजे खलनायक," चष्मेवाले म्हणाले. "तोंड लपवतात ते खलनायकाचंच."

"मिशीवाला खलनायक?" ड्रायव्हरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चाळीस वर्षं माणूस लोकांच्या घरची भांडणं मिटवतोय. त्याला आता उतारवयात इमारती पाडायला लावणार?"

"पैसे देत असतील."

"पैशासाठी तो करणार नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? तुमच्या बसमधून जायचा का तो?"

"एकदा गेला होता," ड्रायव्हर म्हणाला. हे त्याने आजवर पुष्कळदा सांगितलं होतं आणि कुणीही ते खरं मानलं नव्हतं.

"मला वाटतं, त्या मुलीचा बाप असेल," बाई म्हणाल्या. "हरवलेला."

"तो टोप मिशीवर बसणार कसा, ते सांगा आधी," चष्मेवाले म्हणाले. नाकावर काय बसतं आणि काय बसत नाही हा त्यांचा रोजचाच विषय.

सोफेवाल्याने खिळे हातावर काढले. तो म्हणाला, "मी ताईबरोबर बघणार. तिच्या खोलीत."

हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर बरं वाटलं.

भाग आला त्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून, दोन बस बदलून ताईकडे गेला. शेजारणीच्या मुलाकडून मोठ्या पडद्याचा फोन मागून आणला होता. ताई उशांना टेकून बसली होती, केस विंचरलेले.

"आज नको रे छोट्या," ती म्हणाली. पन्नाशी उलटली तरी तो तिला छोट्याच होता. "डोळ्यांत औषध घातलंय. सगळं धूसर दिसतंय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी मान अवघडली होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या बाईंना झोप लागली होती आणि त्या कधी नव्हे त्या झोपल्यात, तर आवाज नको. मग एक दिवस नुसतंच मन नव्हतं. सोफेवाला प्रत्येक वेळी बरं म्हणायचा, थोडा वेळ बसायचा, दुकानातल्या दोन गोष्टी सांगायचा आणि परत यायचा. त्याला वाटायचं, ताई थकलीय. पूर्वी मिशीवाल्याच्या सिनेमासाठी तापात उठून बसणारी बाई. बसमध्ये त्याचा जीव खालीवर व्हायचा.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही एकटे बघून टाका की. कोण विचारायला येतंय?"

"कायदा आहे," तो म्हणाला.

इकडे मंडळाचे हाल कुत्रा खाईना. तिघांनीही भाग पहिल्याच दिवशी पाहिला होता. संध्याकाळी येऊन बसायचे आणि मूग गिळून बसायचे. एकदा ड्रायव्हरने सुरुवात केली, "काहीही म्हणा, पण तो टोप काढतो तेव्हा," आणि बाईंनी त्याच्या मांडीवर अशी थाप मारली की चष्मेवाल्यांचा चहा सांडला.

"ताईंना इतके दिवस का लागतायत?" चष्मेवाले कळवळून म्हणाले. "आम्हाला जेवण गोड लागत नाही."

"त्यांना बरं नाही," सोफेवाला म्हणाला. "तुम्ही बाहेर जाऊन बोला. मला ऐकू येणार नाही."

ही तोड सगळ्यांना पटली. तेव्हापासून तिघे फुटपाथवर उभे राहून भांडायचे आणि हा आत बसून खिळे ठोकायचा. काचेतून सगळं दिसायचं. बाई दोन्ही हात पसरून काहीतरी उडाल्याचं दाखवायच्या. चष्मेवाले मान हलवायचे. आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा एकच करायचा: एक बोट वरच्या ओठावरून आडवं फिरवायचा आणि कपाळावर हात मारायचा. सोफेवाल्याने पुष्कळ विचार केला. माणसाला शिंक येते की काय, एवढंच त्याला सुचलं.

ताईकडे रोज जाऊन जाऊन तिथल्या गोष्टी त्याच्या ओळखीच्या झाल्या. कुठल्या मदतनीस बाईला गुडघेदुखी आहे, कुणाचा मुलगा परदेशी आहे आणि कुणाचा इथेच असून येत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीची स्प्रिंग वर आली होती. पूर्वी रविवारी तो पंधरा मिनिटं टेकायचा तेव्हा त्याला ती जाणवली नव्हती. आता जाणवली. तो मनाशी जरा ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गेला.

खुर्ची उलटी करून तो जमिनीवर बसला. तोंडात खिळे. ताई पलंगावरून बघत होती. खोलीत ऊन आलं होतं आणि ती बोलण्याच्या लहरीत होती.

"अगदी बाबांसारखा बसतोस," ती म्हणाली. "गुडघा तसाच वर. तुला आठवतं, बाबांनी एकदा मिशी काढली होती?"

त्याने मानेने नाही म्हटलं.

"तू लहान होतास. खिळा लागून ओठ फाटला होता, टाके घालायचे म्हणून काढावी लागली. तू त्यांना बघून रडायलाच लागलास. हे आमचे बाबा नव्हेत म्हणून." ती हसली. "मिशीखाली ओठ केवढासा होता रे. असा केविलवाणा. मी तर ते विसरूनच गेले होते. परवा मिशीवाल्याने तो टोप काढला आणि खाली तसाच ओठ, तेव्हा एकदम बाबाच समोर."

ती थांबली.

सोफेवाल्याचा हात हातोडीसकट वर राहिला. ड्रायव्हरचं बोट त्याला आठवलं, ओठावरून आडवं फिरणारं. त्याने तोंडातले खिळे काढून खुर्चीच्या फळीवर ठेवले. घाई केली नाही. तेवढ्या वेळात ताईने पांघरुणाची कडा दोनदा सरळ केली.

"तू पाहिलास," तो म्हणाला.

"आला त्याच रात्री. मदतनीस बाईंच्या फोनवर." सगळ्या नोकरीभर तोंडाला लावलेलं कुलूप आज आपलं आपणच निघालं याची तिला लाज वाटली असावी, कारण ती खिडकीकडे बघत बोलत होती. "चांगला आहे. तुला आवडेल."

"मग रोज उद्या-उद्या का म्हणत होतीस? मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. बसमध्ये मी," तो म्हणाला आणि त्याने हातोडी खाली ठेवली.

"पाहिला म्हटलं असतं, तर तू आला असतास का?"

तिने हे भांडायला म्हटलं नव्हतं. तिकीट खिडकीवर, पुढच्या खेळाची जागा शिल्लक आहे का, ते सांगायची तसं सरळ म्हटलं. सोफेवाल्याला उत्तर माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. त्याला फार वाईट वाटलं. खोटं बोलायची त्याला इच्छा झाली नाही. त्याने खिळे पुन्हा ओठांत घेतले, खुर्ची पुरी केली, सुलटी केली आणि पलंगाला लावून तिच्यात बसून पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

"डोळ्यांत औषध नाही ना आज?"

"नाही."

"शेजारच्या बाई?"

"फिरायला गेल्यात. लाव बाबा, आता आणखी चेष्टा करू नकोस."

त्याने भाग लावला आणि फोन उशीला टेकवून उभा केला. काळा पडदा, मग एक शहर, मग ढोल आणि मोठमोठी अक्षरं. पाहुण्या कलाकाराच्या जागी मिशीवाल्याचं खरं नाव आलं आणि ताईने सवयीने हात जोडल्यासारखे केले. नावं संपली. एक दार उघडायला लागलं.

सोफेवाल्याने भाग थांबवला.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"बस चुकेल. उरलेलं उद्या."

"अरे, पाऊण तासाचा तर भाग आहे."

"घाई कशाला? थोडा थोडा बघू." त्याने फोन खिशात टाकला. "तू आजवर नुसते शेवटच पाहिलेस. सुरुवात जरा सावकाश बघ."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले, औषध नसताना. "छोट्या," ती म्हणाली, "त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचं काय होईल?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळ फुटपाथवरून धावतच आत आलं, कारण सोफेवाल्याने काचेतून हात करून सांगितलं होतं की लागला एकदाचा भाग. ड्रायव्हर न विचारता मधल्या सोफ्यात बसला आणि स्प्रिंगा नसल्यामुळे खोल गेला, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं बोट आधीच वरच्या ओठाशी पोचलं होतं.

"पाहिलात? दोघांनी?" तो खालून म्हणाला. "म्हणजे आता बोलायला हरकत नाही?"

सोफेवाला हत्यारांची पिशवी भरत होता. ताईच्या मजल्यावर आणखी तीन खुर्च्या खचलेल्या होत्या.

"कुठपर्यंत पाहिलात?" शिकवणीच्या बाईंना शंका आली.

"नावं आली तिथपर्यंत," तो म्हणाला आणि दिवे मालवायला लागला.