दौलतरावांचे एकशे सत्त्याऐंशी दाखले

दौलतराव मला पहिल्यांदा दिसले तेव्हा अर्धं हैदराबाद त्यांच्याभोवती जमलं होतं आणि उरलेलं अर्धं आत शिरायला जागा नाही म्हणून नामपल्लीच्या रस्त्यावर खोळंबलं होतं. नुमाइशीतल्या, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या प्रदर्शनातल्या, कपबशांच्या दुकानात हा गृहस्थ एकेक कप कानाशी धरून नखाने वाजवत होता. माझ्या अंदाजाने हे तीन दिवस चाललं असावं. "साब, चाय पीने के कपां हैं, सितार नक्को समझो," दुकानदार काकुळतीला आला होता. दौलतरावांनी शांतपणे सांगितलं, की हजारभर कपांत बिनभेगेचे सातच आहेत. सहा त्यांनी घेतले. सातवा मी घेतला आणि घरी पोचायच्या आत फोडला.

मग कळलं, की ते चिक्कडपल्लीत आमच्याच गल्लीत राहतात. वडील नागोराव नांदेडकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून आलेले. मुलगा सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाला, तोही विटांचा. पोलादाच्या भट्टीला आतून लावायची वीट किती आचेवर पक्की होते, यावर त्यांची डॉक्टरकी. गल्लीला 'डॉक्टर' एवढंच कळलं. लोक त्यांना खोकला दाखवायला येत आणि ते कोणालाही निराश न करता आल्याचा चहा सांगत.

दोन हजार चौदा साली राज्याचे दोन भाग झाले. दौलतरावांच्या पत्नी, पार्वतीवहिनी, सरकारी शाळेत शिक्षिका. त्या तेलंगणाच्या वाट्याला आल्या, म्हणजे हैदराबादेतच राहणार. आम्ही पेढे खाल्ले. महिन्याभरात प्रयोगशाळेचीही फेररचना निघाली. विटांच्या विभागात तीस शास्त्रज्ञ. पैकी बारा हैदराबादेत राहणार, बाकीचे विशाखापट्टणमच्या नव्या केंद्रात. कोण राहणार, ते ज्याच्या त्याच्या सायटेशनवर ठरणार. सायटेशन म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा दाखला जगातल्या इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा दिला, तो आकडा.

दौलतरावांचा आकडा होता तीनशे दहा. त्यातले एकशे सत्त्याऐंशी एकट्या सत्त्याण्णव सालच्या निबंधाचे. हिशेबाने ते सहावे येत होते. पण निश्चिंत राहील तो दौलतराव कसला. दात घासायच्या आधी ते संगणकावर आकडा बघत, भाजी आणायला निघताना बघत, परत आल्यावर पिशवी हातातच धरून बघत. एका सकाळी तो तीनशे नऊ झाला. त्या दिवशी त्यांना ताप भरला. संध्याकाळी पुन्हा दहा झाला तेव्हा उतरला. आकडे वाचून ताप चढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग फेररचनेच्या समितीचा अर्ज आला. एकूण आकडा तर हवाच होता, शिवाय तुमच्या सर्वांत गाजलेल्या निबंधाबद्दल इतरांनी काय म्हटलंय, अशी पाच वाक्यं उतरवून द्यायची होती. माझं इंग्रजी चांगलं आहे असा त्यांचा एक जुना गैरसमज असल्यामुळे मला बोलावणं आलं. मी दाखला देणारा एकेक निबंध उघडू लागलो. पहिल्यात लिहिलं होतं, की या तापमानाला आम्हाला असा निकाल मिळाला नाही. दुसऱ्यात, की हा निकाल पटण्याजोगा नाही. जपान, पोलंड, ब्राझील, सगळीकडून एकच सूर. विसावा निबंध मिटून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

दौलतरावांना हे अकरा वर्षं ठाऊक होतं. भट्टीचा तापमापक बदलताना लक्षात आलं, की जुना चाळीस अंश कमी दाखवत होता. म्हणून त्यांची वीट कमी आचेत पक्की झाल्यासारखी दिसली, आणि जगभरचे लोक ते करून बघून, न जमल्याचं लिहीत राहिले. दुरुस्तीचं टिपण त्यांनी तेव्हाच लिहून कपाटात ठेवलं होतं. धाडायचा धीर झाला नव्हता.

मी सुचवलं, की समिती फक्त आकडा बघेल, वाक्यं जरा सौम्य निवडू. दौलतरावांनी वहिनींकडे पाहिलं. बदली झाली तर मागे एकट्या राहणार होत्या त्या. वहिनी शेंगा सोलत होत्या.

"इतक्या लोकांनी चूक म्हटलं," त्या म्हणाल्या, "तुम्हीच तेवढे राहिलात."

"राहिलोच तर इथं, तुझ्याजवळ राहीन ना," ते म्हणाले.

"हौ. आणि रोज सकाळी ताप मोजत बसाल."

दौलतराव उठले, कपाटातून टिपण काढलं आणि त्याच दुपारी निबंध छापणाऱ्या मासिकाकडे धाडलं. अर्जात त्या निबंधाचे दाखले वजा करून एकूण आकडा लिहिला एकशे तेवीस, खाली कारण एका ओळीत. मग पाच आठवडे वाट पाहिली. त्यांनी संगणकावर टॉवेल टाकून ठेवला होता, पण दर तासाला त्याचं टोक उचललेलं असे. वहिनी दिसेल त्याला तिकडची हवा कशी असते विचारत. मी त्यांना रोज सांगत होतो, की समितीत माणसंच बसतात, प्रामाणिकपणाची कदर होईल. सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

यादी आकड्यांप्रमाणे लागली. दौलतराव एकोणिसावे आले.

ते साडेतीन वर्षं विशाखापट्टणमला एकटे राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या केंद्रात तोवर भट्टी बसली नव्हती.