तांदळातलं नाव

लोकांना नावं ठेवण्यात मी लहानपणापासून पटाईत. पण एकदा मी खरोखरच एकीचं नाव ठेवलं — आणि ते कसं ठेवलं, हे परवापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. नातवंडांना माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत, ही सोडून. खोडी म्हणतेय, बघा. अजून खरा शब्द तोंडातून निघत नाही.

तेव्हा मी दोन वेण्यांची, गावभर शहाणी. दादाचं लग्न ठरलं. मुलगी केळशीची, अबोल. का अबोल, ते मला पहिल्याच भेटीत कळलं — तिला र म्हणता यायचा नाही. 'लत्नागिली' म्हणाली, आणि मी तोंड दाबून आत पळाले. जिथे नांदायचं त्या गावाचंच नाव येईना. यात हसण्यासारखं काय होतं? मला होतं.

आमच्याकडे सून घरात आली की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. दादाला काही सुचेना. आदल्या दिवशी मलाच विचारलंन, "काय ठेवू गो?"

मी म्हटलं, शर्वरी.

एक नाही, दोन र. शोधून काढलेले. दादाला वाटलं, काय रसिक बहीण आपली. अंगठी फिरली, साखर वाटली, आणि बायका तिच्याभोवती जमल्या — "सांग बघू, काय नाव तुझं?" तिने आधी सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, 'शल्वली'. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं, ते सांगायला हवं का?

मत्सर होता म्हणू? तेवढंही नव्हतं हो. गंमत वाटली.

त्यानंतर ती स्वतःचं नाव टाळतच जगली. कुणी विचारलं तर 'मधूची आई' म्हणायची. आणि मी? मला ते नाव कधी घ्यावंच लागलं नाही. वहिनी म्हटलं की भागायचं.

परवा तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. टेबलामागची मुलगी म्हणाली, "आजी, नाव?" वहिनीने आधार कार्ड पुढे केलं. "तोंडाने सांगा ना, आजी." वहिनीने माझ्याकडे पाहिलं — त्या ताटाजवळची तीच नजर, आता पांढऱ्या केसांखालून. मग मीच सांगितलं तिचं नाव. दोन्ही र ठणठणीत.

परतताना रिक्षात मी सगळं ओकले. दादा कधीच गेला; गप्प राहिले असते तरी कुणाला कळणार होतं? वहिनी रडली नाही, रागावलीही नाही. मग तिने एवढंच विचारलंन. तेव्हापासून मी आठवतेय — लग्नाची पत्रिका, तिच्या आईने मारलेली हाक — दोन अक्षरी होतं की तीन, तेही नाही आठवत.

"माझं आधीचं नाव काय होतं, वन्सं? एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे."