थोरली उभ्यानं झोपायची

लग्न होऊन मी चिटगुप्प्याजवळच्या त्या बागेत आले, तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की नवरा जहागीरदारांच्या चिंचेच्या बागेचा राखणदार आहे. हत्तींचं कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायला गेले तर परातीत ज्वारीच्या पिठाचा ढीग.

"एवढ्या भाकरी कुणाला?"

"त्या दोघींला," हे म्हणाले आणि त्यांनी बागेच्या टोकाकडं बोट केलं.

दोघी म्हणजे दोन म्हाताऱ्या हत्तिणी. जहागीरदारांच्या मिरवणुका, शिकारी, लग्नं करून थकल्या, तेव्हा इथं आणून ठेवलेल्या. त्यांचा माहुतही तसाच म्हातारा. त्याला बायको-पोरं नव्हती. हत्तिणींच्या शेजारीच पत्र्याच्या खोपटात राहायचा, तिथंच नमाज पढायचा. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही म्हणू लागले.

थोरलीला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि तिच्या दाढा झिजल्या होत्या. जाड भाकरी गुळाच्या पाण्यात भिजवायच्या, लोळा करायचा आणि थेट तिच्या जिभेवर ठेवायचा. पहिले काही दिवस हात आत घालताना मी डोळे मिटायची. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या, नखाजवळ पू धरायचा. चाचा कडुलिंबाचा पाला उकळून पाय धुवायचा आणि मी करंजाच्या तेलात हळद कालवून द्यायची. धाकटीला तेवढं काही लागत नव्हतं. ती सोंडेनं माझा पदर ओढायची.

थोरली कधी आडवी होत नसे. चाचानं तांबड्या मातीचा उंच ढीग रचून दिला होता, त्याला कूस टेकून ती उभ्यानं झोपायची.

"ही आता लेटत न्हाई, बेटी," चाचा म्हणाला. "लेटली तर उठणार न्हाई. तिला ठावं हाय."

हैदराबाद संस्थान गेलं त्या सालच्या उन्हाळ्यात जहागीरदारांचं बिऱ्हाड गाड्या भरून शहरात, हैदराबादला गेलं. कारभारी म्हणाला, चारा पाठवू. चारा आला नाही. ह्यांनी आमच्याच वावरातला कडबा आणून तोडून घातला. बाजारात दुकानं दुपारीच बंद होऊ लागली. विहिरीवर बायका पाणी भरायच्या आणि न बोलता निघून जायच्या. हळ्ळीखेडच्या अंगाला धूर दिसायचा. तो कशाचा, हे कुणी विचारत नव्हतं.

पाऊस भरात होता तेव्हा एका दुपारी बंदुका घेतलेले काहीजण बागेत आले. त्यांची लारी ओढ्याच्या काळ्या चिखलात रुतली होती.

"हत्ती पाहिजे," एकजण म्हणाला.

"साहेब, बुढ्ढ्या हायत," चाचा म्हणाला. "ओढकाम सुटून लई सालं झाली."

त्यांच्यातल्या एका कोवळ्या पोरानं बंदूक थोरलीच्या कपाळाकडं धरली. "मग हिला जिती ठेवून काय करायलास?"

चाचानं धाकटीची साखळी सोडली. जाताना मला म्हणाला, "सांजंपर्यंत येतो. थोरलीला लेटू देऊ नको."

धाकटी दिसेनाशी झाली तशी थोरलीनं कान पसरले आणि सोंड जमिनीवर टेकली. तिच्या छातीतून एक खोल घुमारा निघाला. तो मला कानांपेक्षा तळपायांना जास्त कळला. त्या दिवशी तिनं लोळा तोंडात घेतला नाही.

सांज झाली, चाचा आला नाही. दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी तो पायी आला. कमरेपर्यंतचा चिखल अंगावरच वाळला होता.

"धाकटी?" ह्यांनी विचारलं.

"गुडघ्यावर बसली चिखलात. लारी निघाली. ती न्हाई निघाली."

तिचा श्वास चालू होता तोवर तो तिच्यापाशी बसून राहिला होता. एवढं सांगून त्यानं हात धुतले आणि कडुलिंबाचं पातेलं चुलीवर चढवलं.

त्याच आठवड्यात गावातल्या गाड्या सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला निघाल्या. हे म्हणाले, आपणही जाऊ. मी थोरलीकडं बघितलं.

"तुम्ही जावा," चाचा म्हणाला. "मी हाय ना तिच्यापाशी. मला कोण काय करतंय? ते बंदूकवाले माझी जात बघून सोडतील."

तो म्हणाला ते खरं होतं. म्हणूनच आम्ही निर्धास्त निघालो.

पलीकडच्या गावात असताना कळलं की हिंदुस्थानची फौज आली, सगळं संपलं. लोकांनी साखर वाटली. हे म्हणाले, "आता भ्या न्हाई." साखर माझ्या हातात तशीच राहिली. चाचाची जात बघून आता कोण सोडणार, असं मनात आलं होतं.

परतताना वाटेवर घरं जळालेली होती. जाताना बघितली ती नव्हेत, दुसरी. माणसं मोठ्यानं बोलत होती, हसत होती.

बागेत थोरली उभी होती. बरगड्या मोजता याव्यात इतकी वाळलेली. साखळी पुरेल तिथवरचा कोवळा पाला तिनं ओरबाडून कसाबसा गिळला होता. पावसानं हौद भरला होता म्हणून ती जगली. चाचाच्या खोपटाचे पत्रे खाली पडले होते. पातेलं अंगणात पालथं होतं.

विहिरीवर मी विचारलं, "चाचा कुठं हाय?"

बाईनं घागर अर्धीच भरून उचलली. पलीकडच्या वावरातले एक शेतकरी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तिथंच बैलांना पाणी पाजत होते. ते म्हणाले, "गेला असंल हैदराबादला."

"थोरलीला बांधून ठेवून?"

अण्णांनी बैल वळवले.

त्या दिवशी हे मला म्हणाले, "आता विचारू नको. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

थंडी पडेपर्यंत आम्ही दोघांनीच थोरलीचं केलं. पाय धुणं मला चाचासारखं जमत नव्हतं. नवा माणूस जवळ आला की ती पाय मागं घ्यायची, मला मात्र देऊ लागली होती. एका सकाळी ती आडवी झालेली दिसली. मी लोळा जिभेवर ठेवला, तो तिथंच राहिला. दुपारपर्यंत ती गेली.

एवढं मोठं धूड पुरायला आम्ही दोघं पुरे पडणार नव्हतो. गाव आलं. अण्णाही फावडं घेऊन आले. सगळ्यांनी मन लावून, खोल खणलं. मी कळशीनं पाणी वाढत होते. अण्णांनी ओंजळ पुढं केली, तेव्हा मी पाणी ओतायचं थांबले.

"चाचालाबी असंच पुरलं का हो?" मी विचारलं.

फावडी थांबली. अण्णांची ओंजळ तशीच पुढं राहिली. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, एकमेकांकडंही नाही. मग मागून कुणीतरी माती ओढायला सुरुवात केली आणि बाकीचेही ओढू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बाग सोडली आणि बीदरला राहायला गेलो.