फॉर्मवरचं 'नाही'

मंडळी, दुपारपासून डोकं चक्रावलंय, म्हणून लिहितेय.

मी इथे आखातात, सलवा भागातल्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढते. आज साठीचे एक इंग्रज गृहस्थ खोकल्यासाठी आले. तिकडे एकोणीस वर्षं फुटबॉल खेळले, डिफेंडर म्हणून. फॉर्मवर 'पूर्वी फ्रॅक्चर?' याच्यासमोर लिहिलं होतं, 'नाही'.

फोटो स्क्रीनवर आला आणि मी हादरलेच! पाच बरगड्या कधीकाळी मोडून वेड्यावाकड्या जुळलेल्या. कॉलरबोनही. मला वाटलं, पेशंटची अदलाबदल झाली. त्यांचा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, मागितला, त्यावरचा सिव्हिल आयडीचा नंबर दोनदा ताडून पाहिला. फोटो त्यांचाच.

"सर, ही हाडं मोडली होती!"

"मैदान सोडावं लागलं तर फ्रॅक्चर," ते शांतपणे म्हणाले. "मी सोडलंच नाही."

"एकदाही नाही?"

"एकदा. मुलगी झाली तेव्हा. परत आलो तर माझ्या जागी दुसरा उभा. ती जागा मिळवायला अख्खा सीझन गेला."

माझ्या शिशाच्या एप्रनखाली दुखऱ्या कमरेला बांधलेला पट्टा होता. सुपरवायझरला अजून माहीत नाही.

खरं सांगा, तुम्ही कुठे 'नाही' लिहून ठेवलंय?