चार वारांचे उपास

ह्यांचा ताप डोक्यात गेला आणि परभणीच्या दवाखान्यात त्यांना अतिदक्षता विभागात नेलं, तेव्हा मी नवसांचा नुसता सपाटा लावला. सेलूत आमच्या घरी देवांना काय तोटा! चारठाण्याच्या महादेवाला सोमवार बोलले, देवीला मंगळवार, दत्ताला गुरुवार, मारुतीला शनिवार. तिसरा दिवस उजाडला तरी हे डोळे उघडेनात, आणि माझा भलताच घोळ झाला. खण देवीला, पण मीठ कुणासाठी सोडलं होतं? एखादा देव चुकून राहिला आणि त्याचा राग ह्यांच्यावर निघाला तर? सोमवार कडकडीत गेला, मंगळवारीही नुसत्या पाण्यावर बसले होते. मी मुळात भित्री, त्यात हट्टी.

बाकावर शेजारी नांदेडच्या एक शीख म्हाताऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना माई म्हणत. त्यांचे मालकही आतच. त्यांनी विचारलं, "कवापासून काय पुटपुटायलीस, बेटी?" मी रडत रडत सगळं सांगितलं, तर माई चक्क हसल्या! अस्सा राग आला मला. मग त्यांनी गळ्यातलं पदक दाखवलं. त्यावर एकाचा आकडा, त्याला जोडून ओंकार आणि वर लांब गेलेली कमान.

"आमचा पाठ ह्या एकापासूनच सुरू होतो. तू कोन्त्याबी नावानं हाक मार, ऐकनारा एकच हाय. त्यो कशाला रागावतोय? घे, खा." आणि अर्धी पोळी, वर लोणच्याची फोड, पुढे केली.

खरं सांगते, पोळी नुसती हातात धरून बसले. खाल्ली आणि ह्यांचं काही झालं तर? मग वाटलं, मी कोण एवढी मोठी लागून गेले, माझ्या घासावर ह्यांचा जीव टांगायला! म्हटलं, "देवा, मला काही कळत नाही. हे तुझे आहेत, तूच बघ." घास तोंडात घातला आणि डोळ्यांना धार लागली. माईंच्या खांद्यावरच झोपून गेले.

दुपारी नर्सबाईंनी हलवून उठवलं. ह्यांनी डोळे उघडले होते. औषधाने की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. बाहेर येऊन माईंच्या पाया पडले, तर त्यांनीच मला पोटाशी धरलं आणि आनंदाने रडल्या. त्यांच्या मालकांचं तर अजून काहीच कळलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. नवस बोलले नाही. म्हटलं, "देवा, हेही तुझेच."

काही दिवसांनी हे आणि माईंचे मालक, दोघेही सुखरूप घरी गेले. आमच्या देव्हाऱ्यात सगळे देव जागच्या जागी आहेत. आता त्यांच्यापुढे बसले की भीती वाटत नाही, बरं वाटतं.