आज सदाफुली उपटली नाही

सदाफुलीच्या पानांचे उपाय फॉरवर्ड करणाऱ्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बागेबाहेर आपोआप उगवलेल्या सदाफुलीचे नमुने आम्ही वाळवून, कागदावर चिकटवून, कुठे मिळाले ते लिहून जपतो. आज सकाळी जुईनगरला नाल्याच्या भिंतीत एक फुललेलं झुडूप दिसलं. मुळासकट काढणार, तोच एक काका धावत आले.

"ताई, नका उपटू. बायकोला कॅन्सर हाय. रोज ह्याची पानं वाटून देतो. मोबाईलवर आलंया, ह्याच्यापासनं औषध बनतं."

मी म्हटलं, "काका, ते औषध कारखान्यात बनतं. कच्ची पानं विषारी असतात. डॉक्टरांना विचारलंत का?"

"इचारलं की. ते म्हनले, आता घरी न्या."

मी झुडपावरचा हात मागे घेतला. मग तेच समजुतीने म्हणाले, "असं करू. फुलं तुमी न्या, पानं मला ऱ्हाऊ द्या."

पानांशिवाय नुसत्या फुलांचा नमुना होत नाही; मी रिकाम्या हाताने परतले. आमच्या नोंदीत जुईनगरची सदाफुली नाही. उद्या सकाळी ते पुन्हा पानं तोडतील.

मी ती उपटायला हवी होती का? खरं सांगा.