वर बारीक होत जाणारे आठ खांब

मागच्या उन्हाळ्यात मी आठ खांब सरळ केले. मुळात ते वाकडे नव्हते, हे मला नंतर कळलं.

झालं असं. लातुरात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, पाटीवर सोनेरी अक्षरात ‘क्लासिकल लक्झरी होम्स’. तिथल्या सीनियर आर्किटेक्ट मंजुश्री बिराजदार, म्हणजे आमच्या मॅडम, पेन्सिलीने कागदावर घर काढतात आणि मी ते कॉम्प्युटरवर उतरवतो. माझी शाळा शिरूर अनंतपाळची, डिप्लोमा नांदेडचा. आमच्या डिप्लोमात खांब म्हणजे खांब होता. त्याने स्लॅब धरून ठेवला की त्याच्याकडून बाकी अपेक्षा नव्हती. डाळमिलवाल्या ईश्वरप्पांच्या बंगल्याचं काम करताना मला दिसलं की पोर्चचे खांब खाली अठरा इंच आणि वर पंधरा इंच आहेत. मॅडमचं वय बावन्न, चष्म्याचा नंबर नुकताच वाढलेला. मी मनातल्या मनात त्यांना माफ केलं आणि आठही खांब खालपासून वरपर्यंत अठरा इंच करून टाकले. त्यांना सांगितलंही नाही. उगाच वाईट वाटायचं.

त्या दिवशी मॅडम नांदेडच्या एका साइटवर निघण्याच्या घाईत होत्या. मी पुढे ठेवलेल्या बावीस कागदांवर त्यांनी उभ्या उभ्या सह्या केल्या आणि गेल्या. पुढचे बारा दिवस त्या तिकडेच.

इकडे लातुरात ईश्वरप्पांच्या साइटवर रामलिंग मिस्त्री होता. रेणापूरचा माणूस, मॅडमच्या कामांवर चौदा वर्षं. खांबाच्या आतला गाभा सिमेंट-सळईचा असतो. त्यावर जाळी बांधायची, गिलावा चढवायचा आणि ओला असतानाच लाकडी फर्मा फिरवून शेवटचा आकार द्यायचा, हे त्याचं काम. फर्मा कापण्याआधी त्याने मला फोन केला.

“हरिओमसाहेब, फर्मा सरळच कापायचा का? मॅडमचा खांब वर बारीक असतोय, म्हून इचारायलो.”

“कागदावर आहे तसं करा,” मी म्हणालो. कुणी साहेब म्हटलं की माणसाला असंच बोलता येतं.

आता मॅडमबद्दल सांगायला हवं, नाहीतर तीन इंचांत एवढं काय, असं तुम्हालाही वाटेल.

मॅडम उदगीरच्या. वडील शंकरप्पा कापड दुकानदार; मुलीनं दुकानाच्या पाट्या सुंदर रंगवल्या म्हणून त्यांनी तिला आर्किटेक्ट व्हायला पाठवलं. हा हिशेब मला अजून नीट कळलेला नाही. शिक्षण संपल्यावर मॅडम हैदराबादला गेल्या आणि नऊ वर्षं जुन्या नवाबी कोठ्यांच्या दुरुस्तीच्या कामावर राहिल्या. परांचीवर चढून कमानी मोजायच्या, पडलेल्या नक्षीचा तुकडा घरी आणून त्याचं चित्र काढायचं. खांब खाली एक तृतीयांश उंचीपर्यंत सरळ जातो आणि मग डोळ्याला कळणार नाही असा बारीक होत जातो, हे त्या तिथे बोटांनी शिकल्या. सरळ ठेवला तर तो वर जाड वाटतो, डोक्यावर येतो. लग्नानंतर लातूरला आल्या आणि वीस वर्षं इथेच आहेत. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. लिफ्ट नाही, खांबही नाहीत.

लातुरात पैसेवाला माणूस घर बांधायला निघाला की मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतो. कुणाला दुबईच्या हॉटेलचा जिना हवा असतो, कुणाला आपल्याच व्याह्याच्या घरापेक्षा दोन खांब जास्त. मॅडम कुणाला हसत नाहीत. फोटो बाजूला ठेवून विचारतात की घरात सकाळी पहिलं कोण उठतं, चपला कुठे काढता, वर्षाच्या धान्याचं काय करता. ईश्वरप्पांच्या घरी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या बायकोला, गंगम्मांना: लिंगपूजेला बसताना तोंड कुठे करता? गंगम्मांच्या पूजेची जागा आधी ठरली आणि मग तिच्याभोवती सगळा महाल उभा राहिला. ईश्वरप्पांना फाटकावर दोन सिंह हवे होते, घराकडे तोंड केलेले, म्हणजे झोपाळ्यावर बसून बघता येतील. “म्हणजे घाबरायचं कुणी, तुम्ही का?” मॅडमनी विचारलं. सिंह रद्द झाले.

तर मॅडम नांदेडहून परतल्या आणि थेट साइटवर आल्या. मीही होतो. गाडीतून उतरल्या आणि फाटकातच थांबल्या. उन्हाला हात आडवा धरून त्या खांबांकडे बराच वेळ बघत राहिल्या. पाण्याच्या टाकीला आठ पाय असावेत तसं ते दिसत होतं, हे मलाही त्या क्षणी दिसलं. त्याआधी रोज बघत होतो, तेव्हा दिसलं नव्हतं.

हे सगळं काढावं लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. नेमके ईश्वरप्पा तिथेच होते. वास्तुशांतीला तीन आठवडे राहिलेले, स्वामीजींची तारीख घेतलेली. त्यांनी विचारलं, चूक कुणाची? मॅडमनी ऑफिसात जाऊन कागद बघते असं सांगितलं, पण ईश्वरप्पांना कागदाची गरज वाटली नाही. ते रामलिंगकडे वळले. त्यांच्या भावाचं घर नांदेडला सुरू व्हायचं होतं, दोन वर्षांचं काम, आणि रामलिंगला तिथे न्यायचं हे ठरल्यासारखं होतं. त्याच्या जोरावर त्याने पोरीला लातूरच्या कॉलेजात घातलं होतं.

“चौदा वर्षं काय फक्त पाणी मारलं का रे भिंतीवर?” सगळ्या मजुरांदेखत ईश्वरप्पा म्हणाले. “नांदेडला दुसरा बघतो मी.”

रामलिंगने एकदा माझ्याकडे बघितलं. मी खांबाकडे बघितलं. त्याने फर्मा उचलून सावलीत नेऊन ठेवला, जसं काही त्यालाच ऊन लागत होतं.

ऑफिसात मॅडमनी आपला पेन्सिलीचा कागद आणि माझा प्रिंट शेजारी ठेवले. बोलायला फार काही उरलं नव्हतं. मी म्हणालो की मला वाटलं तुमचा हात चुकला.

“चुकला वाटला तर विचारायचं. हात माझ्याच खांद्याला आहे, कुठे बाहेरगावी नव्हता.” मग चष्मा काढून पुसला. “रामलिंगनं तुला विचारलं होतं का?”

“हो.”

“आणि मघाशी तू गप्प उभा होतास.”

मी माझा प्रिंट उचलून गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन त्या ईश्वरप्पांच्या मिलवर गेल्या. डाळीच्या भुशात खुर्ची झाडून बसल्या आणि सरळ सांगितलं की कागद चुकीचा गेला, मिस्त्रीने कागदाप्रमाणे केलं, कागदावर सही त्यांची स्वतःची आहे. माझं नाव घेतलं नाही. गिलावा काढून परत करण्याचा खर्च ऑफिस देईल आणि वास्तुशांतीची तारीख हलणार नाही. ईश्वरप्पांनी विचारलं की खांब मजबूत आहेत ना, मग राहू द्या की. लोकांना काय कळतंय.

“लोकांना न्हाई कळणार,” मॅडम म्हणाल्या. उदगीरचं बोलणं त्या फक्त अशाच वेळी बाहेर काढतात. “पण फाटकातून आत येताना तुम्हाला रोज काहीतरी टोचेल. काय ते कळणार न्हाई, आणि तुम्ही रंग बदलत बसाल. आणि अप्पा, रामलिंग नसेल तर नांदेडचं घर मी करणार न्हाई.”

ईश्वरप्पांनी हातातली तूरडाळ पोत्यात टाकली. मग म्हणाले, घेऊन जा तुमचा मिस्त्री नांदेडला.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “अप्पांना मी सांगितलं. रामलिंगला तू सांगायचं.”

आठ खांब पुन्हा झाले. वर पंधरा इंच. सोळा दिवसांत रामलिंगने ते कसे उतरवले ते त्यालाच माहीत. शेवटच्या दिवशी त्याच्या बोटांची सालं निघाली होती. वास्तुशांतीला सगळं गाव जेवलं. खांबांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि मॅडम त्यावर खूश होत्या.

आता नांदेडचं काम सुरू आहे. दर गुरुवारी मी तिकडे जातो. रामलिंग मला अजून साहेब म्हणतो, भाकरीतला अर्धा हिस्साही देतो. कागद चुकला होता एवढं त्याला माहीत आहे. कुणी चुकवला हे त्याने विचारलेलं नाही. गेल्या गुरुवारी मी सुरुवात केली होती.

“रामलिंगमामा, ते लातूरचे खांब...”

“त्याचं काय?” तो म्हणाला आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “घट्ट धरा जरा.”

मी घट्ट धरलं. माप झालं, तो पुढच्या भिंतीकडे गेला.

सोमवारी मॅडमनी विचारलं, “सांगितलंस?”

मी म्हणालो, या गुरुवारी.